जुनी खुर्ची उलटी करून पाहा

बंगळूरच्या कँटोन्मेंट भागातला एखादा जुना बंगला पाडायला घेतला की दारं, खिडक्या, तुळया यांच्याबरोबर त्यातल्या खुर्च्याही बाहेर पडतात. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात, बीव्हीके अय्यंगार रस्त्याच्या परिसरात भरणाऱ्या रविवारच्या बाजारात, जुन्या फर्निचरच्या दुकानांत त्या दिसतात. सडपातळ पाय, वेताची बैठक, किंचित मागे कललेली पाठ, आणि लाकूड बहुधा सागवान नाहीतर शिसवी. बेळगाव, धारवाड, मुंबई किंवा गोव्याहून इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही पणजोबांच्या वापरातली अशी एखादी खुर्ची असते. पाय डुगडुगायला लागला म्हणून ती गॅलरीत किंवा माळ्यावर गेलेली असते.

अशी खुर्ची विकत घ्यायची असेल किंवा घरातली दुरुस्त करून वापरात आणायची असेल, तर एक गोष्ट मनाशी पक्की धरा. गरज पडली की सुटी करून पुन्हा जोडता यावी, अशाच रीतीने ती घडवलेली असते. म्हणून घेताना नक्षीआधी सांधे पाहायचे आणि दुरुस्त करताना पुढच्या कारागिराला सांधा उघडता येणार नाही असं काहीही करायचं नाही. पुढचं सगळं मार्गदर्शन या दोन नियमांतूनच येतं.

पोम्पेईपासून कँटोन्मेंटपर्यंत

१७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पोम्पेई या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं उत्खनन सुरू झालं. प्राचीन घरांची, भांड्यांची, भित्तिचित्रांची रूपं युरोपसमोर आली आणि इमारतींपासून खुर्च्यांपर्यंत सगळ्याचा घाट बदलला. त्याआधीच्या खुर्च्यांचे पाय नागमोडी, फुगीर गुडघ्याचे असत. आता ते सरळ, खाली निमुळते झाले आणि खांबांसारख्या उभ्या पन्हळी त्यांवर आल्या. लंडनमध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने प्राचीन घाटांची ही, म्हणजे नवअभिजात, अभिरुची रुजवली. जॉर्ज हेपलव्हाइट या फर्निचर-कारागिराच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये त्याचं नमुन्यांचं पुस्तक निघालं. ढालीच्या आकाराची पाठ त्याच्या नावाशी जोडली गेली आहे. १७९१ ते १७९४ या काळात थॉमस शेरेटनचं पुस्तक आलं आणि चौकोनी, हलकी पाठ लोकप्रिय झाली. १८०७ मध्ये थॉमस होपने आपल्या घरातल्या फर्निचरचे नमुने छापले. त्यांवर ग्रीक आणि रोमन घाटांची दाट छाप होती. प्राचीन ग्रीक कुंभांवर चितारलेल्या ‘क्लिस्मोस’ या खुर्चीचे तलवारीसारखे बाकदार पाय याच सुमारास पुन्हा प्रचारात आले.

नमुन्यांची छापील पुस्तकं आणि प्रत्यक्ष खुर्च्या जहाजांतून हिंदुस्थानात येत होत्या. श्रीरंगपट्टणचा पाडाव १७९९ मध्ये झाला आणि १८०९ मध्ये इंग्रजी फौजेची छावणी बंगळुरात आली. म्हणजे ही छावणी वसत होती तेव्हा युरोपात नवअभिजात खुर्ची ऐन बहरात होती. इथल्या सुतारांपुढे ती नमुना म्हणून आली, आणि तिची नुसती नक्कल न करता त्यांनी ती इथल्या हवेला मानवेल अशी घडवली.

हे बदल ओळखता आले की अर्धी परीक्षा झाली. जाड गादीऐवजी वेताची बैठक आली, कारण उकाड्यात वेतातून हवा खेळते आणि गादीत होणारी कीड टळते. पातळ लाकडी पापुद्रा चिकटवण्याची युरोपीय पद्धत पावसाळ्यात टिकत नसे, म्हणून इथे भरीव लाकूड वापरलं गेलं. इंग्लंडमध्ये त्या काळी बीचच्या साध्या लाकडावर रंगाने शिसवीचा भास आणत. दक्षिण हिंदुस्थानात ती खुर्ची खऱ्याखुऱ्या शिसवीत घडत होती. इथली लाकडाची जाडीही थोडी जास्त असते. इथे घडलेली खुर्ची दुय्यम आणि विलायतेहून आलेली अस्सल, हा समज त्यामुळे सोडून द्यायला हवा. घडणीच्या दृष्टीने पाहिलं तर इथली खुर्ची पुष्कळदा सरस ठरते.

घाट कसा ओळखायचा

डोळा तयार करायचा असेल तर आधी इमारती पाहा. १८६८ मध्ये पुरी झालेली अटारा कचेरी, म्हणजे आजचं उच्च न्यायालय, आणि एम. जी. रोडच्या टोकाचा मेयो हॉल या दोन्ही इमारती ग्रीक-रोमन वळणाच्या आहेत. खांब, त्यावरची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंची काटेकोर समतोल मांडणी आणि मोजकी नक्षी हे त्यांचं व्याकरण आहे. खुर्चीतही हेच शोधायचं. तिचा पाय म्हणजे खांब, बैठकीची चौकट म्हणजे खांबांवरची पट्टी. पुढचा पाय जिथे चौकटीला मिळतो तिथे बहुधा एक चौकोनी ठोकळा असतो आणि त्यावर गोल फूल कोरलेलं असतं. पाठीच्या आडव्या पट्टीवर हार, कलश, वीणेसारखं वाद्य किंवा पाम-पानांचा पंखा दिसतो. पीळ घातलेल्या दोरासारखी पट्टी दिसली तर ती १८०५ च्या ट्रफाल्गरच्या आरमारी विजयानंतर इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेल्या घाटाची खूण आहे.

पुढचा पाय तीन प्रकारचा असतो: चौकोनी निमुळता, कातीव गोल, किंवा तलवारीसारखा बाकदार. मागचा पाय आणि पाठीचा उभा खांब मात्र एकाच लाकडातून काढलेला असतो. बैठकीपाशी जोड दिसला तर तो नंतरच्या दुरुस्तीचा समजा.

मुंबईतलं एकोणिसाव्या शतकातलं, इंच न् इंच कोरलेलं काळ्या शिसवीचं फर्निचर हा वेगळा प्रकार आहे. तेही मोलाचं आहे, पण त्याला नवअभिजात म्हणून कोणी किंमत सांगत असेल तर सावध व्हा. नवअभिजात खुर्चीत मोकळी जागा भरपूर असते आणि तिचं सौंदर्य प्रमाणात असतं.

विकत घेण्याआधी

दुकानात खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून सपाट जागी ठेवा. वरच्या बाजूला पॉलिश असतं, खालच्या बाजूला खरी हकिकत असते. दिवसाउजेडी जा, सोबत टॉर्च आणि मोजपट्टी ठेवा.

पहिल्यांदा करवतीच्या खुणा पाहा. हाताने चिरलेल्या लाकडावर त्या सरळ आणि थोड्या कमी-जास्त अंतरावर असतात. गोल पात्याच्या यंत्राने चिरलेल्या लाकडावर कमानीसारख्या रेषा उमटतात, आणि तशा दिसल्या तर ते लाकूड १८०० च्या आसपासचं नाही. मात्र उलट अनुमान काढू नका. आपल्याकडे हाताने चिरण्याची पद्धत फार उशिरापर्यंत चालू होती, त्यामुळे सरळ खुणा हा जुनेपणाचा पुरावा ठरत नाही.

दुसरं, स्क्रू. टोक बोथट असलेला आणि डोक्यावरची खाच किंचित एका बाजूला सरकलेला स्क्रू हाताने घडवलेला, म्हणजे साधारण १८४० च्या दशकाआधीचा असतो. टोकदार स्क्रू त्यानंतरचे. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. असा एखादा स्क्रू दिसला म्हणजे खुर्ची नवी असं नाही. तिथे कोणीतरी हात घातला आहे, एवढं नक्की. तो सांधा जास्त बारकाईने पाहा.

तिसरं, गोल पायांचा व्यास दोन दिशांनी मोजा. लाकूड सर्व दिशांनी सारखं आकसत नाही, म्हणून शंभर-दीडशे वर्षांत कातीव पाय किंचित लंबगोल होतो. बोटांना जाणवत नाही, पण कॅलिपरवर दिसतं. व्यास दोन्हीकडून अगदी सारखा भरला तर वयाबद्दल शंका घ्या.

चौथं, झीज कुठे आहे ते पाहा. हातांची टोकं, पाठीच्या वरच्या पट्टीचा मधला भाग, पायांच्या तळाच्या कडा, पुढच्या चौकटीची वरची धार इथे झीज असायला हवी. माणसाचा हात किंवा पाय कधीच लागत नाही अशा जागी घासल्याच्या खुणा असतील तर त्या मुद्दाम केलेल्या आहेत.

पाचवं, बैठकीची उंची मोजा. जेवणाच्या किंवा लिहिण्याच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण १७ ते १८ इंचांवर असते. ती १५-१६ इंच भरली तर कुजलेले पाय खालून कापलेले असण्याची शक्यता आहे. चारही पाय सारखे कापले असतील तर डोळ्याला चटकन कळत नाही, मोजपट्टीला कळतं.

सहावं, खुर्च्यांचा संच असेल तर प्रत्येक खुर्ची वेगळी तपासा. बदली झालेले इंग्रज अधिकारी घरातलं सामान लिलावात काढत, त्यातून संच फुटत आणि पुढे दोन संचांतल्या खुर्च्या एकत्र विकल्या जात. चौकटीच्या आतल्या बाजूला पटाशीने कोरलेले रोमन आकडे मिळाले तर ते लिहून घ्या. सहा खुर्च्यांत ‘तीन’ दोनदा आला तर उत्तर समोर आहे.

शेवटी खुर्ची सरळ करा, एक हात बैठकीवर ठेवा आणि दुसऱ्याने पाठ हलकेच मागे-पुढे करा. थोडी हालचाल चालेल. ती सांध्यातला सरस, म्हणजे जुना प्राणिज डिंक, सुटल्यामुळे होते आणि त्यावर उपाय आहे. पायाला आडवी चीर असेल किंवा सांध्याभोवती खिळे ठोकलेले असतील, तर किंमत ठरवताना ते धरा. खिळ्याने लाकूड आतून फाटलेलं असतं आणि ते सांधा उघडल्यावरच दिसतं.

लाकूड कोणतं आहे

बंगळुरातल्या सुतारांशी आणि लाकूडवाल्यांशी बोलताना कानडी नावं माहीत असली तर काम सोपं होतं. साग म्हणजे तेग, शिसव म्हणजे बीटे, फणस म्हणजे हलसु, बिबळा म्हणजे होन्ने, ऐन म्हणजे मत्ती. शिसवी लाकूड सागापेक्षा स्पष्टपणे जड लागतं आणि त्यात जांभळट-काळ्या रेषा असतात. सागाला तेलकट स्पर्श आणि ओळखीचा वास असतो. फणसाचं लाकूड कोवळेपणी पिवळं असतं आणि वयाबरोबर तपकिरी होत जातं, त्यामुळे जुन्या खुर्चीत ते साग म्हणून खपतं.

खात्री हवी असेल तर मल्लेश्वरममधल्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत जा. म्हैसूर संस्थानाने १९३८ मध्ये सुरू केलेल्या वन संशोधन प्रयोगशाळेतून ही संस्था उभी राहिली आहे. लाकडाच्या सूक्ष्म रचनेवरून जात ओळखण्याचं काम तिथे होतं. नमुना द्यायचा तर तो चौकटीच्या आतल्या बाजूचा किंवा आधीच सुटलेल्या तुकड्याचा द्या. दर्शनी भागाला हत्यार लावू नका.

ताण येतो कुठे

दुरुस्ती करण्याआधी, निदान सुताराकडे देण्याआधी, ही खुर्ची उभी कशी राहते ते समजून घेऊ.

चौकटीच्या प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक चपटी जीभ कापलेली असते, तिला सुतार कुसू म्हणतात. पायात तिच्याच मापाची खाच असते. कुसू खाचेत सरसाने बसवतात आणि बऱ्याचदा आरपार एक लाकडी खुंटी मारतात. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे बाजूच्या पट्ट्या तिरक्या येतात. त्यांच्या कुसवांचे खांदे, म्हणजे जिभेच्या मुळाशी पायाला टेकणाऱ्या कडा, त्या कोनातच कापावे लागतात. कारागिराचं कसब इथे कळतं. खांदा पायाला पूर्ण टेकलेला असेल, मधून नखही जाणार नसेल, तर ती खुर्ची चांगल्या हातची आहे.

नाजूक दिसावी म्हणून या शैलीत, विशेषतः बाकदार पायांच्या खुर्च्यांत, पायांना खालून जोडणाऱ्या आडव्या दांड्या काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे सगळा भार बैठकीच्या पातळीवरच्या सांध्यांवर आला. आपण मागे रेलतो तेव्हा पाठीचा खांब तरफ होतो आणि बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तो सांधा उखडायला लागतो. जुन्या खुर्चीत पहिल्यांदा ढिला होतो तो हाच सांधा. दोन पायांवर मागे झुलणारा माणूस एका संध्याकाळीत त्याचं काम संपवू शकतो, हे घरातल्या मुलांना आवर्जून सांगा.

बाकदार पायाची अडचण निराळी आहे. लाकडाची ताकद त्याच्या रेषांच्या लांबीत असते. सरळ फळीतून बाकदार पाय कापला की बाकाच्या जागी रेषा पायाबाहेर निघून जातात, आणि तिथे तो आडवा मोडू शकतो. चांगला सुतार बाकाच्या दिशेनेच रेषा वळलेल्या असतील असं लाकूड निवडत असे. खुर्ची घेताना पायाच्या बाजूवरच्या रेषांचा डोळ्याने शेवटपर्यंत माग काढा. त्या मध्येच कडेला जाऊन संपत असतील तर त्या खुर्चीवर भारी माणसाला बसवू नका.

सांधा उघडणं आणि जोडणं

सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात. पाणी आणि उष्णता लागली की तो मऊ होतो. शंभर वर्षांनीही होतो. या गुणामुळेच खुर्ची पुन्हा पुन्हा जोडता येते. पांढरा सिंथेटिक गोंद किंवा इपॉक्सी लाकडात मुरून बसतो, पुढच्या वेळी सांधा उघडताना लाकूड फाटतं, आणि त्यावर सरस धरत नाही. म्हणून या खुर्चीत ते वापरू नयेत. खिळे, लोखंडी कोन आणि नवे स्क्रूही नकोत.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी लावून खूण लिहा: डावा-पुढचा, उजवा-मागचा, वगैरे. सगळे सांधे उघडण्याची गरज नसते. हाताला घट्ट लागतो तो सांधा तसाच राहू द्या.

खुंटी असेल तर तिच्यापेक्षा बारीक दांडीने ती मागच्या बाजूने ठोकून काढा. मग इंजेक्शनच्या सिरिंजने सांध्यात कोमट पाणी सोडा आणि थांबा. सरस कोरडा, ठिसूळ झाला असेल तर पाण्याऐवजी थोडं स्पिरिट सोडल्यानेही तो तडकून सुटतो. मात्र स्पिरिट पॉलिशवर सांडू देऊ नका. लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून रबरी हातोडीने हलके ठोके द्या. घाई केली तर खाचेचं तोंड फुटतं.

सुटलेलं कुसू आणि खाच कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, जुना सरस पूर्ण निघू द्या. कानस किंवा पटाशी लावून कुसू बारीक करू नका. उलट ते सैल झालं असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा पातळ पापुद्रा दोन्ही सपाट बाजूंवर चिकटवून ते खाचेत हाताच्या दाबाने जाईल इतकं भरा.

सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत गरम करा. उकळी आणू नका, उकळलेल्या सरसाची पकड कमी होते. जोडणीआधी एकदा सगळं कोरडंच जुळवून पाहा. नंतर पाठीची चौकट आधी, पुढची चौकट वेगळी, आणि शेवटी बाजूच्या पट्ट्यांनी दोन्ही एकत्र, असं जोडा. शिकंजे लावल्यावर बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा. बैठक पुढे रुंद असली तरी दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा किंचित दाबा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहा आणि पूर्ण दिवसभर हलवू नका.

ज्यांना सरस घरात नको असेल त्यांच्यासाठी नुसत्या खुंटीचा सांधा हा जुना आणि भक्कम मार्ग आहे. पायातल्या छिद्रापेक्षा कुसवातलं छिद्र खांद्याच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत खेचते आणि खांदा पायाला घट्ट भिडतो. हे काम अनुभवी सुताराकडूनच करून घ्या, कारण छिद्र जास्त सरकलं तर कुसू फुटतं.

मोडलेला पाय जोडताना मोडलेली टोकं समोरासमोर चिकटवून उपयोग नाही. दोन्ही भाग लांब तिरके कापून एकावर एक बसवावे लागतात. तिरक्या कापाची लांबी लाकडाच्या जाडीच्या सहा ते आठ पट असावी. नवं लाकूड त्याच जातीचं आणि रेषा त्याच दिशेच्या ठेवा.

वेताची बैठक

चौकटीत जवळपास अर्ध्या इंचाच्या अंतराने आरपार छिद्रं असतील तर ती हाताने विणण्याची बैठक आहे. छिद्रांऐवजी चौकटीभोवती सलग खाच असेल आणि तयार जाळी त्यात पट्टीने दाबून बसवली असेल, तर ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची आहे. छिद्रं असलेल्या जुन्या चौकटीत तयार जाळीसाठी नवी खाच पाडायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्यात हातविणीची सोय कायमची जाते आणि चौकटही कमकुवत होते.

हाताच्या विणीत दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरके फेर असतात, शेवटी कडेने एक जाड पट्टी छिद्रं झाकते. असं विणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. बंगळुरात वेताला बेत्त म्हणतात. वेताच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत चौकशी केली तर विणणाऱ्याचा पत्ता लागतो. वीण घालायची ती सगळे सांधे दुरुस्त झाल्यावरच, कारण विणलेल्या वेताचा ताण चौकटीवर येतो.

वेत तुटला नसेल, नुसता खोल गेला असेल, तर खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूला ओलं फडकं अर्धा तास ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वेत आकसून पुन्हा ताठ होतो. वरची बाजू गुळगुळीत सालीची असते, ती पाणी घेत नाही.

पॉलिश काढण्याआधी थांबा

जुन्या खुर्चीवर बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचं पॉलिश असतं. ओळखण्यासाठी खालच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थेंबभर स्पिरिट लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख आहे. लाखेवर नवी लाख चढते आणि आधीच्या थरात मिसळून जाते, त्यामुळे सगळं खरवडून काढण्याची गरज पडत नाही. मऊ फडक्याने धूळ पुसा, मळ असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, लाख विटली असेल तिथे पातळ हात द्या आणि वर्षातून एकदा मधमाशांचं मेण लावा.

मशीनने घासून मेलामाइन किंवा पीयू चढवून घेण्याचा मोह टाळा. पॉलिश पेपरखाली लाकडाचा जो पातळ थर जातो त्यातच शतकभराचा रंग, हत्याराच्या खुणा आणि कोरीव कामाच्या धारा असतात. हे एकदा गेलं की परत आणता येत नाही. घरात एक खबरदारी कायम घ्या: हाताच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, त्याचा ओला हात लाखेवर टेकला की पांढरा डाग पडतो.

बंगळूरची हवा आणि कीड

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारी ते एप्रिल इथली हवा कोरडी असते, पावसाळ्यात दमट होते. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत आकसतं आणि फुगतं. म्हणून मुंबई, गोवा किंवा मंगळूरच्या दमट हवेत शंभर वर्षं राहिलेली खुर्ची इथे आणली की पहिल्याच उन्हाळ्यात तिचे सांधे सैल होतात. असं झालं तर घाबरू नका आणि लगेच जोडायलाही घेऊ नका. एक पूर्ण वर्ष तिला इथल्या हवेत राहू द्या, मग सांधे उघडा. खिडकीतलं थेट ऊन आणि एसीचा झोत दोन्हींपासून ती दूर असू द्या.

खुर्ची घरात आणल्यावर काही आठवडे इतर फर्निचरपासून वेगळी, काळ्या कागदावर ठेवा. कागदावर ताजी, फिकट भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, तर ती बहुधा जुनी आहेत. जिवंत किडीसाठी जाणकाराकडून भोकांत कीटकनाशक सोडून घ्या. सागाच्या आणि शिसवीच्या गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. ती कडेच्या फिकट, कच्च्या लाकडाला लागते. म्हणून टॉर्च आधी तिकडे न्या.

जोडीला नवी खुर्ची करायची असेल तर

पाच खुर्च्या आहेत, सहावी हवी आहे, अशी वेळ येते. मैसूर रोडच्या टिंबर यार्ड भागात पाडलेल्या घरांचं जुनं सागवान शोधा. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे कमी हलतं. मूळ खुर्चीच्या मागच्या पायाचा साचा प्लायवर काढा आणि पूर्ण खुर्चीचं एकास एक मापाचं चित्र आखून घ्या. सुताराला एवढं जरूर सांगा की लाकूड चौकोनी असतानाच सगळ्या खाचा आणि कुसवं पाडायची, मग बाक आणि कातकाम करायचं. आकार आधी दिला तर कोन धरायला सरळ बाजूच उरत नाही. आणि नव्या खुर्चीच्या चौकटीखाली साल कोरून ठेवा, म्हणजे पुढे कोणाची फसगत होणार नाही.

कायदा आणि कागदपत्रं

१९७२ च्या पुरावशेष व कला निधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती देशात विकत घेता येते. व्यापाऱ्याकडे परवाना असावा लागतो. मात्र खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीकडे पणजोबांची खुर्ची पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बंगळूर मंडळात चौकशी करा. खुर्ची शंभर वर्षांहून कमी वयाची असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला तिथून घ्यावा लागतो. शिवाय शिसव ज्या गटात मोडतो त्या सगळ्या झाडांच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून सायटीस कराराखाली नियंत्रित आहे, म्हणून शिसवी वस्तू पाठवण्याचे नियम वेगळे तपासावे लागतात.

दुकानदाराकडून पावतीवर लाकडाची जात, अंदाजे काळ आणि झालेल्या दुरुस्त्या लिहून घ्या. तुम्ही स्वतः काम करून घेतलं की एका कागदावर तारीख, कोणता सांधा उघडला, कोणता चिकट पदार्थ वापरला आणि कोणतं लाकूड बदललं ते लिहा आणि तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या आत अडकवा. पुढे जो कारागीर ही खुर्ची हातात घेईल त्याला कोमट पाणी घ्यायचं की स्पिरिट, हे त्या कागदावरून कळेल.

दुरुस्त झालेली खुर्ची रोज वापरा. वापरातल्या खुर्चीत काय बिघडतंय ते वेळेवर कळतं. पहिल्यांदा सांधा कुरकुरला की तेवढाच सांधा लगेच उघडून जोडून घ्या. तसंच बसत राहिलात तर कुसू खाचेत घासून झिजतं, आणि वाटीभर सरसात भागणाऱ्या कामासाठी लाकूड बदलावं लागतं.